बट्टा घ्या, पण आधी सांगा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर परकीय चलनाच्या गोष्टी कशाला, असे कुणी विचारेल. इथे कापडाचे तागे भरलेले टेम्पो, कल्याण रोडची कोंडी आणि पद्मानगरकडे वळणाऱ्या रिक्षा. डॉलर-युरोची उठाठेव फोर्टातल्या बँकांनी करावी. हा समज आता जुना झाला. रॅपियर लूमचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळाले की भिवंडीचा कारखानदार चीनमधल्या विक्रेत्याची वेबसाइट उघडतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे भाडे दरमहा डॉलरमध्ये कापले जाते. मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली की व्हिसाच्या मुलाखतीआधी सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीची 350 डॉलर फी भरावी लागते, तीही बहुधा घरातल्याच कुणाच्या तरी कार्डावरून.

याच 350 डॉलरचा हिशेब करू. सोयीसाठी डॉलर 85 रुपयांचा धरला तर 29,750 रुपये होतात. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये मात्र एकाऐवजी तीन ओळी येतात. पहिली फीची. दुसरी ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ची, साडेतीन टक्क्यांनी 1,041 रुपये 25 पैसे. तिसरी त्या मार्कअपवरच्या 18 टक्के जीएसटीची, 187 रुपये 43 पैसे. म्हणजे वर 1,228 रुपये 68 पैसे गेले आणि साडेतीन म्हणून सांगितलेला दर 4.13 टक्के पडला. पैसे भरताना पडद्यावर यातला एक आकडाही नव्हता.

चलन बदलून देणाऱ्याने मोबदला घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. पेशवाईत अंकुशी, मल्हारशाही, चांदवडी असे नाना टाकसाळींचे रुपये चालत. ते बदलून देताना सराफ बट्टा घेत आणि पुण्याहून काशीला हुंडी करायची तर हुंडणावळ पडे. 1835 च्या नाणे कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला आणि टाकसाळींमधला बट्टा हळूहळू ओसरला. बट्टा हा धंदाच आहे, त्यात पाप नाही. आक्षेप एवढाच, की पैसे कापण्याआधी तो रुपयांत सांगितला जात नाही.

यावर बँकांच्या बाजूने पहिला युक्तिवाद येतो तो जोखमीचा. तुम्ही आज पैसे भरता, परदेशी दुकानदाराशी हिशेब एक-दोन दिवसांनी मिटतो, तेवढ्यात रुपया घसरला तर कोण भरणार? ऐकायला बिनतोड वाटते. पण कार्डाच्या अटी काढून वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते, की रूपांतराचा दर व्यवहार ज्या दिवशी मिटेल त्या दिवशीचा लागेल. म्हणजे मधल्या काळात रुपया घसरला तर वाढीव रुपये ग्राहकाच्याच खात्यातून जातात. जोखीम ग्राहकाने उचलायची आणि तिचे शुल्कही ग्राहकानेच द्यायचे, हा कुठला न्याय? त्यातून माल परत पाठवला तर परताव्याला त्या दिवशीचा वेगळा दर लागतो आणि आधी घेतलेला मार्कअप सहसा परत येत नाही. त्या वेळी जोखमीचा हा युक्तिवाद कुणी काढत नाही.

राहिला खर्च. परदेशी व्यवहारात फसवणूक अधिक, तक्रारी निस्तरायला माणसे लागतात, कार्ड कंपनीलाही तिचा वाटा द्यावा लागतो. हे सगळे खरे. पण त्याच बाजारात दोन टक्के मार्कअपची कार्डे आहेत, शून्य मार्कअपचीही आहेत. ती काढणाऱ्या बँका काही धर्मादाय संस्था नव्हेत. तेव्हा साडेतीन टक्के हा खर्चाचा आकडा नाही, ग्राहक विचारत नाही म्हणून टिकलेला आकडा आहे.

‘अटींमध्ये सगळे छापलेले असते, तुम्ही सही केलीत,’ हा दुसरा बचाव. छापलेले असते, कबूल. ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ नावाच्या बारीक टायपातल्या चोपड्यात, तेही टक्क्यांत. कार्ड घेताना, कदाचित चार वर्षांपूर्वी, केलेली सही म्हणजे आजच्या 1,228 रुपयांना दिलेली संमती नव्हे. धामणकर नाक्यावरचा रिक्षावाला बसण्याआधी भाडे सांगतो. ‘युनियनच्या फलकावर दर लिहिलेत, उतरल्यावर बघा’ असे तो म्हणाला तर आपण दुसरी रिक्षा बघू.

मग लोक तोड काढतात. वेबसाइटवर ‘रुपयांत भरा’ असा पर्याय दिसतो, तो घेतला की मार्कअप टळला असे मानतात. हा भ्रम तर सर्वांत महाग. तो रुपयांतला आकडा तुमच्या बँकेने काढलेला नसतो. दुकानदार किंवा त्याच्या मागची कंपनी आपल्या दराने, आपला नफा घालून तो काढते. शिवाय दुकानदार परदेशात नोंदलेला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक भारतीय बँका सुमारे एक टक्का आणि वर जीएसटी लावतात. दोन्हीकडून मार. डॉलर निवडला तर निदान एकच दार राहते, आणि व्हिसा-मास्टरकार्डचा त्या दिवशीचा दर त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही ताडून पाहता येतो.

‘हे श्रीमंतांचे दुखणे आहे, चार टक्क्यांनी कुणाचे काय जाते?’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा जॉबवर कापड विणून देणाऱ्याशी बोलावे. त्याची मजुरी पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, पैशांत ठरते. ती दोन पैशांनी वाढावी म्हणून महिनोन्‌महिने घासाघीस चालते. त्याने मागासाठी 120 डॉलरचा भाग मागवला तर चारशे एकवीस रुपये नुसत्या रूपांतरात जातात. काम देणारा सेठ पैशापैशाचा हिशेब ठेवतो आणि बँक हा आकडा आधी सांगत नाही. यात श्रीमंती कुणाची, ते वाचकांनीच ठरवावे.

शेवटचा बचाव तांत्रिक: अंतिम दर आधी कळतच नाही, मग रुपयांत सांगायचे कसे? ज्यांनी परदेशात यूपीआय वापरले आहे त्यांना हे पटणार नाही. तिथे क्यूआर स्कॅन केला की पिन टाकण्याआधी रुपयांतली रक्कम ॲपमध्ये दिसते. पटली तर पिन टाकायचा, नाही तर मागे फिरायचे. युरोपीय संघाने 2019 च्या नियमाने रूपांतराचा मार्कअप युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किती टक्के जास्त आहे ते सांगणे बंधनकारक केले आणि एप्रिल 2020 पासून ते लागू झाले. आपल्याकडेही असा संदर्भ दर आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलर-रुपयाचा दर जाहीर करते. मोजपट्टी तयार आहे, ती ग्राहकाच्या हाती द्यायची तेवढी राहिली आहे. मधल्या दोन दिवसांत दर हललाच तर फरक बँकेने सोसावा. त्यासाठीच तर मार्कअप घेता ना?

संधीही समोर आहे. आज पुष्कळ परदेशी वेबसाइटवर ओटीपी मागितलाच जात नाही. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे दिले की पैसे जातात, मेसेज नंतर येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या निर्देशांत कार्ड देणाऱ्या बँकांना 1 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदत दिली आहे: परदेशी दुकानदाराने जादा पडताळणी मागितली तर ती करण्याची सोय तोवर हवी. सुरक्षेसाठी केलेला नियम आहे. पण ओटीपीचा मेसेज जाणारच असेल, तर ‘350 डॉलर’ एवढेच लिहून का थांबायचे? त्याच ओळीत मार्कअप आणि जीएसटी धरून होणारी रुपयांतली एकूण रक्कम लिहायला नवे यंत्र लागत नाही, रिझर्व्ह बँकेचे एक वाक्य लागते. ते वाक्य तिने या मुदतीआधी घालावे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. गेल्या वर्षाची स्टेटमेंट काढून ‘मार्कअप’ नावाच्या ओळींची बेरीज करावी. बँकेला ईमेल लिहून आपल्या कार्डाचा दर लेखी मागवावा, आणि तो साडेतीन टक्के निघाला तर कमी मार्कअपचे कार्ड त्याच बँकेकडे मागावे. न सांगितलेला आकार लागला असेल तर तक्रार आधी बँकेकडे करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती ऑनलाइन आणि विनामूल्य नेता येते.