एकाच तारेंतून वीज आणि संदेश

एकत्र कुटुंबांच्या मोठ्या घरांतून हल्लीं दारावर कॅमेरा, माजघरांत वाय-फायचें यंत्र आणि वृद्धांच्या खोलींत इंटरनेटवरचा टेलिफोन असा सरंजाम दिसूं लागला आहे. हीं उपकरणें ज्या स्विचला जोडतात, तो त्यांना संदेशाच्या तारेंतूनच वीजहि पुरवूं शकतो. या व्यवस्थेस ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. प्रत्येक उपकरणापाशीं निराळा प्लग नको, ही सोय खरोखर मोठी. परंतु खरेदीच्या वेळीं बहुतेक गृहस्थ स्विचला पोर्ट किती एवढेंच पाहतात. त्याच्यापाशीं एकूण वीज किती, हें विचारीत नाहींत.

२००३ सालच्या पहिल्या प्रमाणानुसार एका पोर्टला १५.४ वॅट मिळतात. १०० मीटर तारेंतील घट वजा जातां उपकरणाच्या वांट्याला १२.९५ येतात. २००९ सालीं १५.४ चे ३० वॅट झाले, २०१८ सालीं मर्यादा ९० पर्यंत गेली. आतां एकूण ६० वॅट देणारा आठ पोर्टांचा स्विच घ्या. आठांनाहि १५.४ द्यावयाचे तर १२३.२ वॅट हवेत! आठ पानें मांडलीं, पण स्वयंपाक चौघांचाहि पुरता नाहीं, असा हा प्रकार.

कांहीं स्विच उपकरणाच्या वर्गावरून वीज राखून ठेवतात. तिसऱ्या वर्गाचे चार कॅमेरे लावल्यास ६१.६ वॅट राखावे लागतात. मग ते प्रत्यक्षांत पांच-पांच वॅटच घेत असले तरी चौथा सुरूच होत नाहीं. दुसरे स्विच प्रत्यक्ष खर्च मोजतात. तेथें दिवसां सर्व सुरळीत चालतें. तिन्हीसांजेस कॅमेऱ्यांचे अवरक्त दिवे लागले, कीं खर्च वाढून कोणाची तरी वीज तुटते. कोणाची, हाच खरा प्रश्न. मध्यरात्रीं आजोबांच्या छातींत कळ आली आणि नेमका त्यांच्याच खोलींतील टेलिफोन मुका झाला, तर अंगणाचें स्वच्छ चित्र काय कामाचें? यास्तव हिशेब रात्रीच्या कमाल खर्चाचा करावा, वर कांहीं शिल्लक राखावी आणि स्विचमध्यें अग्रक्रम ठरवितां येत असल्यास पहिला मान टेलिफोनास द्यावा. पुष्कळ स्विच, अग्रक्रम सारखाच असल्यास, लहान क्रमांकाचा पोर्ट आधीं सांभाळतात. तेव्हां टेलिफोनाची तार पहिल्या पोर्टांतच असावी. वाय-फाय सर्वांत शेवटीं. तें घटकाभर गेलें तर तरुण मंडळी निदान वेळेवर जेवावयास येतील.

घरची वीज गेल्यावर काय? ४० वॅटचा भार तीन तास चालविण्यास १२० वॅट-तास लागतात. लहान यू.पी.एस.मधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदोपत्रीं ८४ च असतात, आणि हातीं त्याहून कमी लागतात. शिवाय राउटरहि त्याच यू.पी.एस.वर हवा, नाहींतर स्विच जागा असूनहि टेलिफोन मुकाच. तार निखळ तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध अधिक असल्यानें बरीच वीज वाटेंतच तार तापविण्यांत खर्ची पडते.