फोटोतला पत्ता : कुठे लिहायचा, कुठे पुसायचा

मोबाइलने काढलेल्या फोटोत चित्राखेरीज बरीच माहिती साठवलेली असते. तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही. या माहितीला 'एक्झिफ' म्हणतात. ती फोटोवर दिसत नाही, पण मूळ फाइल ज्याच्या हाती येईल त्याला सहज वाचता येते. आपल्या मोहल्ल्यांनी या गोष्टीकडे गांभीर्याने बघण्याची वेळ आली आहे.

केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी 'उमीद' पोर्टल सुरू केले. वक्फ मिळकतीच्या मोजमापांसोबत तिचे जिओ-टॅग केलेले ठिकाण त्यावर भरणे सक्तीचे झाले. त्यामागच्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर टीका करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण आपल्या कब्रस्तानाची, मशिदीची, सार्वजनिक विहिरीची नीट नोंद आपल्याकडे आधीपासून का नसावी, याचे उत्तर सरकार देणार नाही. ते आपणच द्यायचे आहे. हर्णेसारख्या गावात कब्रस्तानाची हद्द कुठून कुठे, हे चार वयस्कर माणसांना तोंडपाठ असते. तरुण मंडळी मुंबईत, नाहीतर आखातात. ती चार माणसे गेली की त्यांच्याबरोबर हद्दही जाते.

'फोटो आहेत की ग्रुपवर' असे आपण म्हणतो. पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातले लोकेशन गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात किती घरांची छपरे उडाली, ते आपण पाहिले आहे. तेव्हा ग्रुपवर फिरलेला एखादा फोटो आज उघडला, तर तो कोणत्या वाडीतला हे फोटो स्वतः सांगणार नाही.

जुन्या फोटोंत लोकेशन नंतरही घालता येते. 'एक्झिफटूल' आणि 'डिजीकॅम' ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मात्र या आकड्यांची मर्यादा ओळखा. हर्णे साधारण १७.८ उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर दोनच अंक ठेवले तर एक किलोमीटरपर्यंतचा फरक दिसत नाही. चार अंक ठेवले तर अकरा मीटर, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याची बाजू. त्यात झाडांखाली किंवा इमारतींच्या दाटीत मोबाइलचे जीपीएस आणखी चुकते. म्हणून फोटो जागा कुठे आहे ते सांगेल, ती कुठपर्यंत आहे ते सांगणार नाही. त्यासाठी सातबारा आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

शिवाय जे घालता येते ते बदलताही येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करायचे असते. तेव्हा मूळ फाइल न बदलता जपावी आणि लोकेशन तिच्या प्रतीत भरावे. आपण भरलेले लोकेशन 'नंतर भरले' असेच लिहून ठेवावे. खऱ्या जागेसाठी खोटी नोंद केली तर खरी कागदपत्रेही संशयात सापडतात.

आता दुसरी बाजू. जे आकडे कब्रस्तानाला उपयोगी, तेच घरातल्या मुलीच्या फोटोला धोक्याचे. डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकअफी हा अँटिव्हायरसवाला उद्योजक पोलिसांना चुकवत फिरत होता. एका मासिकाने त्याचा फोटो वेबसाइटवर टाकला आणि फोटोतल्या आकड्यांवरून तो ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. संगणकाच्या सुरक्षेवर नाव कमावलेल्या माणसाची ही गत. ओएलएक्सवर फ्रिज विकायला, लग्नाच्या स्थळासाठी किंवा कुणा अनोळखी माणसाला ईमेलने मूळ फोटो पाठवताना आधी लोकेशन काढून टाका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंदही करता येते.

हर्णे बंदरातल्या तांडेलाला हा विवेक शिकवावा लागत नाही. जाळे फाडणारा खडक कुठे आहे, हे तो सगळ्यांना सांगतो. मासळी लागते ती जागा मात्र स्वतःच्या जीपीएसमध्ये ठेवतो. सामायिक गोष्टीचा पत्ता सगळ्यांना, घरचा पत्ता आपल्यापाशी.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वक्फच्या जागा बळकावणारे दरवेळी बाहेरचेच असतात असे नाही. नोंद धूसर राहिली की सोय कोणाची होते, हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून ही नोंद मुतवल्लीच्या कपाटात बंद राहू नये. प्रत्येक जमातीने आपल्या सामायिक जागांचे चारही कोपऱ्यांवरून फोटो काढावेत, शेजारी गट क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि यादीची एक प्रत मशिदीत, एक गावच्या वाचनालयात ठेवावी. काम मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींवर सोपवावे. त्यांच्या हातात फोन आहेतच. ज्या कब्रस्तानाच्या फाटकापाशी त्यांना थांबवले जाते, त्याची हद्द निदान त्यांच्या नोंदीत तरी असू द्या.