शब्दविचार : दिवाळें
राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेल्या कोल्हापुरच्या शाहूपुरींत गुळाची एखादी पेढी बुडाली, तर लोक म्हणणार, ‘दिवाळें वाजलें!’ हा शब्द ‘दिव्या’वरून आला, असें परंपरेनें सांगतात. देणें फेडणें अशक्य झालें म्हणजे सावकार भर दिवसां पेढीवर दिवा लावी. धनकोंनीं काय तें समजावें. तेव्हां मुळांत ही उघड कबुलीच होय. पुढें फारसी ‘खोर’, म्हणजे खाणारा, हा प्रत्यय जडला आणि दिवाळखोर लांचखोराच्या पंक्तीस बसला. ‘नादार’ हा शब्दहि फारसीच. पण त्याचा अर्थ एवढाच, कीं ज्याजवळ कांहीं नाहीं तो. घरांतील कोणी कर्जांत बुडाल्यास त्यास दिवाळखोर म्हणण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं इतकेंच पाहावें: त्यानें दिवा लाविला होता, कीं मालविला होता?