जपानची व्हॅन मोबाइलवर स्वस्त, गोरेगावात महाग

घरात सात-आठ माणसं, अम्मीला दवाखान्यात न्यायचं, लग्नाला जायचं, तर मोठी गाडी लागतेच. त्यामुळे मोबाइलवर जपानची जुनी टोयोटा नोआ किंवा निसान सेरेना चार-पाच लाखांत दिसली की मन चळतं. सरकते दरवाजे, आठ सीट, स्टिअरिंगही आपल्यासारखं उजवीकडे. सेनगाव तालुक्यातल्या आपल्या गोरेगावात बसून अशी गाडी मागवता येईल का? आमचं स्पष्ट मत आहे: या नादात इसार पाठवू नका.

कारण साधं आहे. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असा आपल्या सरकारचा नियम आहे. जाहिरातीतल्या स्वस्त गाड्या बहुतेक आठ-दहा वर्षांच्या असतात. म्हणजे त्या कायद्याने येऊच शकत नाहीत. तीन वर्षांच्या आतली गाडी असली तरी ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरते आणि पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेच्या तपासणीतून जावी लागते.

आता हिशेब बघा. वापरलेल्या गाडीवर सीमाशुल्कच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त बसतं. त्या एकूण रकमेवर पुन्हा जीएसटी, मोठ्या गाडीला 40 टक्के. म्हणजे 5 लाखांची गाडी बंदरातून बाहेर पडेपर्यंत 14 लाखांच्या पुढे जाते. पासिंग, रोड टॅक्स, विमा वेगळा. आणि सुटा भाग मोडला तर हिंगोलीत तो मिळणार कुठे?

आपली बरीच मुलं सौदी, दुबईला कमावतात. तिथली गाडी सोबत आणू, असंही कुणी म्हणतं. पण तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं आणि आपल्याकडे आयातीला उजवंच लागतं. त्यामुळे तोही रस्ता बंद.

मग पाकिस्तान, बांगलादेशात जपानी जुन्या गाड्या रस्तोरस्ती कशा दिसतात? तिथले आयातीचे नियम वेगळे आहेत. भारताने देशातला कारखाना जपायचं धोरण ठेवलं. त्याचा फायदाही झाला: जपानी कंपन्यांनी गाड्या इथेच बनवल्या. 2000 साली क्वालिस आली, 2005 ला इनोव्हा, 2012 ला अर्टिगा. आज गरजू कुटुंबाला जपानी बनावटीची मोठी गाडी हवी असेल तर ती इथल्याच जुन्या बाजारात आहे, आणि तिचा मेकॅनिक गावोगावी आहे.

मात्र इथेही डोळे उघडे ठेवा. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी कायम केली. तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जातात. अशी गाडी घेताना तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. इथे आल्यावर महाराष्ट्राचा टॅक्स भरून एमएच-38 चं पासिंग करावं लागतं, तो खर्च आधीच धरा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, दंडाची चलनं थकली आहेत का, हे सरकारच्या परिवहन पोर्टलवर बघा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून नाव आपल्या नावावर चढलं की मगच सौदा पूर्ण समजा. नाहीतर गाडी आपल्या दारात आणि मालक भलताच.

आखातातून आलेला पैसा कुणाच्या तरी दहा वर्षांच्या घामाचा असतो. परदेशातल्या अनोळखी खात्यात गेलेला इसार परत आणायला हिंगोलीतून कुठे धावणार? गाडी समोर बघून, चालवून, ओळखीच्या मेकॅनिकला दाखवून घ्या. चार दिवस उशीर झाला तरी चालेल.