दोष दडपणुकीचा नव्हे, विखुरलेल्या नोंदींचा

अमेरिकेतील सार्वजनिक जमिनींवर हरवलेल्यांची एकत्रित यादी नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे रास्त आहे. ही माहिती मुद्दाम दडवली जाते, हा निष्कर्ष मात्र टिकत नाही. खरे कारण अधिकारांच्या वाटणीत आहे. राष्ट्रीय उद्याने अंतर्गत खात्याकडे, राष्ट्रीय वने कृषी खात्याकडे. वनांत शोधमोहीम बहुधा काउंटीचा शेरीफ चालवतो, तर योसेमिटीसारख्या उद्यानात रेंजर. त्यामुळे एकाच डोंगररांगेत हद्दीच्या अलीकडचा बेपत्ता एका दप्तरात, पलीकडचा दुसऱ्याच दप्तरात जातो.

एफबीआयच्या एनसीआयसी नोंदवहीत २१ वर्षांखालील बेपत्तांची नोंद संघराज्याच्या कायद्याने सक्तीची आहे, त्याहून मोठ्यांची नाही. न्याय खात्याची 'नामअस' ही सूची बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी अवशेष ताडून पाहते, परंतु अनेक राज्यांत तीत नोंद करणे ऐच्छिकच आहे.

म्हणून शेवटचे दिसलेले ठिकाण, तारीख आणि जमिनीचा ताबा हे तीन रकाने प्रत्येक नोंदीत सक्तीचे हवेत. अनेक वर्षांनी ओढ्यात सापडलेल्या बुटाचा धागा त्यानेच जुळेल आणि वाट पाहणाऱ्या घराला उत्तर मिळेल.