जनावराला चालतं, मग लेकराला?

"माणसाला नको, जनावराला चालेल," असं म्हणत आपण कुबट मका, भिजलेले शेंगदाणे, गाठी धरलेली पेंड शेळीपुढे टाकतो. अन्न वाया जाऊ नये ही भावना खरी. पण हा हिशेब चुकीचा आहे, असं आम्हाला स्पष्ट सांगायचं आहे.

ओल आणि उकाडा एकत्र आले की मका, शेंगदाणा, सरकीची पेंड यांवर पिवळट-हिरवी बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृत बिघडवतं. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. बुरशी झटकली, दाणे शिजवले, तरी विष उरतंच. दुभत्या जनावराने असं खाद्य खाल्लं की दिवसभरातच त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळूनही तो जात नाही. आणि ते दूध पितं घरातलं लेकरू.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत काढणीच्या वेळी पावसात भिजलेला मका तसाच साठवला गेला. तो खाऊन कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, १०६ माणसं दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. विषाने माणूस आणि जनावर असा भेद केला नाही.

वस्तीतल्या घरात कोरडी जागा कमी असते, हा आपला हलगर्जीपणा नव्हे. तरी हातात आहे ते करूया. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवावा, मगच भरावा. ओला दाणा प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजतो. पोतं जमिनीवर न टेकवता विटा-फळीवर, भिंतीपासून हातभर लांब आणि गळक्या पत्र्यापासून दूर ठेवावं. पावसाळ्यात चार घरांनी मिळून चांगल्या पेंडीचं एक पोतं घ्यावं व वाटून घ्यावं, म्हणजे ते लवकर संपेल. दुकानदार कुबट माल "स्वस्तात नेा, जनावरालाच तर घालायचाय" म्हणाला, तर तो नाकारावा.

आणि खराब झालेलं खाद्य उकिरड्यावर फेकू नये, कोंबड्या तेच टिपतात. खड्डा करून पुरावं. चार पैशांचं नुकसान होईल. पण लेकराच्या यकृतापेक्षा ते मोठं नाही.