घमेलं चालतं, मग पदवी का नाही?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘सिव्हिल म्हणजे उन्हातलं काम, मुलींचं नव्हे!’ मी विचारते, मग साइटवर डोक्यावर घमेली वाहते ती कोण? बाईने वाळू वाहिलेली चालते, तिने नकाशा काढलेला का चालू नये?

आपल्याकडे या पदवीसाठी बारावी सायन्सला फिजिक्स, गणित हवं, खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के हवेत आणि सीईटी द्यावी लागते. डिप्लोमा केला असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून शंभर टक्के फीमाफी दिली आहे. शकुंतला भगत यांनी तर १९५३ मध्येच मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे पुलांच्या बांधणीत नाव कमावलं.

साइटवर बायकांसाठी धड संडास नसतो, ही अडचण खरीच. पण तिथे निर्णय घेणारी बाई असेल, तर तो नकाशात आधी दिसेल.

मैत्रिणींनो, उरते ती घरच्या होकाराची अट. ती कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेली नाही. ती आपणच खोडायची!